म्हात्रेबाईंना गाडी लागते

म्हात्रेबाईंना गाडी लागते, हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता ते माझ्या नोकरीचाच भाग वाटतं. रिक्षावाल्यांना सांगितलं, कंडक्टरांना सांगितलं, शिक्षण खात्याच्या साहेबांना सांगितलं. एकदा तर भर मांडवात नवरदेवाच्या मामांना सांगितलं, कारण मामा बाईंना आग्रहाने वऱ्हाडाच्या गाडीत बसवत होते आणि मामांचा सफारी सूट नवा होता. बाईंना गाडी लागायची आणि शेजारी मी पिशवी धरून बसायची. मला स्वतःला काहीही लागत नाही. बस, बोट, घाट, जत्रेतला पाळणा, काही नाही. म्हसळ्याच्या वळणावळणांच्या रस्त्यावर मी मांडीवर गठ्ठा घेऊन पेपर तपासलेले आहेत. म्हणूनच ही पिशवी माझ्याकडे आली असावी.

रेवदंड्याच्या अलीकडच्या एका गावात आमची प्राथमिक शाळा. मी मुख्याध्यापिका, बाई तिसरी-चौथीला. अंगाने मजबूत, उंच, आणि आवाज असा की शेजारच्या वाडीत नारळ पाडणाऱ्या माणसाला झाडावर बसल्या बसल्या तेराचा पाढा पाठ झाला होता. वर्गात विंचू निघाला तर वाक्य न तोडता चपलेने मारायच्या. घाबरणं हा प्रकार त्यांच्यात नव्हताच. फक्त चाकं दिसली की चेहरा कच्च्या पपईसारखा व्हायचा.

त्यात बाईंचं सासर ट्रकवाल्यांचं. सासऱ्यांची मिठागरं होती, नवऱ्याने ट्रक घेतले. नामदेव म्हात्रे, गावात नामाशेठ. लग्नानंतर घेतलेल्या पहिल्या ट्रकच्या कपाळावर त्यांनी मोठ्या हौसेने बायकोचं नाव रंगवून घेतलं : 'रंजना'. ती रंजना गुजरातपर्यंत जाऊन यायची. ही रंजना अलिबागला जायची ती सायकलने. सायकल त्यांना लागत नसे. शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की त्या आपली जुनी लेडीज सायकल काढायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि नागावच्या बागांतून घामाघूम होत यायच्या. केंद्रप्रमुख व्हायची संधी आली ती त्यांनी फिरतीचं काम म्हणून नाकारली, तेव्हा कारण विचारलं गेलं. त्यांनी लिहून दिलं, "प्रकृती उत्तम आहे, पण बसल्यावर राहत नाही."

चाकंच लागतात असंही नाही. झोपाळा लागायचा. आमच्याकडे घरटी पडवीत झोपाळा; बाई कुणाकडे गेल्या की आधी तो कड्यांवरून काढून ठेवावा लागे, कारण नुसता बघूनही त्यांना कसंतरी व्हायचं. शाळेत नवा टीव्ही आला आणि त्यावर डोंगरातून जाणारी आगगाडी लागली, तेव्हा बाई खडू टाकून बाहेर गेल्या.  मुलांना वाटलं, आगगाडीचा धडा असाच असतो.

त्यांच्यावर झालेले उपाय सांगायचे तर लिंबू आणि आलं ही सुरुवात. आवळासुपारी झाली. पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. त्याने उलटी थांबली नाही, फक्त त्या दिवशीचा पेपर मला वाचायला मिळाला नाही. कुणी सांगितलं, गाडीत वीज साठते, ती जमिनीत उतरवायला मागे साखळी लोंबती ठेवावी. बाईंनी रिक्षाला साखळी बांधली. अख्ख्या चौलमधून ती खणखण वाजत गेली, कुत्री मागे लागली, आणि बाईंना नेहमीच्याच वळणावर नेहमीसारखंच झालं. गोळ्याही झाल्या. गोळीने झोप यायची आणि उलटी झोपेत व्हायची. म्हणजे आधी जी सूचना मिळायची तीही बंद.

सगळ्यावर त्यांचं एकच म्हणणं होतं. "मोरेबाई, जग हलू नये असं माझं म्हणणं नाही. पण वळायचं असेल तर आधी सांगावं माणसानं." हे त्या गाड्यांबद्दल बोलायच्या, पण मुलांना आणि शिपायालाही तेच ऐकवायच्या. नामाशेठनी न विचारता तिसरा ट्रक घेतला तेव्हा त्यांनाही तेच ऐकवलं होतं.

या प्रकरणाचा उगम लग्नातला. ती गोष्ट बाई स्वतःच सांगायच्या, तीही जेवताना. माहेर पेणकडचं. वरात सजवलेल्या जीपमधून निघाली. वडखळ यायच्या आतच जीप थांबवावी लागली, पुढे आणखी थांबवावी लागली, आणि दारात पोचल्यावर माप ओलांडायला पाऊल उचललं ते नवरीने परत खाली ठेवलं आणि उंबऱ्यालगतच्या तुळशीत ती ओकली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आजच लगीन झाला ना गो हिचा?" एक आत्या बोटं मोजू लागली. नामाशेठ तेव्हा मिसरूड फुटलेले; बायकोला त्यांनी आधी पाहिलेलं ते घरभर माणसांत. त्यांना काका लोकांनी घरामागे नेलं.

"मी काय न्हाय केला!" नामाशेठ रडकुंडीला आले.

"मंग कोनी केला?"

शेवटी जीपच्या ड्रायव्हरला साक्षीला बोलावलं. त्याने नारळाच्या झाडाला हात लावून शपथ घेतली की नवरीला गाडी लागते, जीपमध्ये बसेपर्यंत पोरगी ठणठणीत होती. सुटका झाली. तरी सासूबाईंची बोटं पुढेही चालूच राहिली. पल्लवी झाली ती चांगल्या चार वर्षांनी, तेव्हा कुठे त्यांनी मोजणं सोडलं.

दुसरी गोष्ट माझ्यासमोरची. सायकल पंक्चर झाली म्हणून बाई प्रशिक्षणाहून माझ्याबरोबर बसने निघाल्या. अलिबागच्या स्टँडवर गाडी लागली, आम्ही चढलो, आणि स्टँडच्या दारातल्या वळणालाच बाईंनी माझा दंड धरला. मी कंडक्टरला माझं वाक्य सांगितलं. उतरलो, मी पिशवीसकट. तेवढ्यात नामाशेठचा फोन आला. त्यांचा आवाज ट्रकच्या इंजिनावरून ओरडायची सवय असलेला, मलाही ऐकू येत होता.

"गाडी लागली का?"

"लागली."

"मंग बस लवकर. जागा जाईल."

"बसले म्हणूनच लागली. आता उतरलेय."

"उतरली कशाला? सुटंल ना ती!"

"अहो, सुटली! मला लागली आणि ती सुटली!"

"मंग तुला लागली ती कंची?"

बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि गटाराकडे वळल्या. मी नामाशेठना सांगितलं. "म्हात्रेबाईंना गाडी लागली." ते म्हणाले, "तेच तर इचारतोय!"

या भाषेचा परिणाम मुलांवर व्हायचाच होता. तिसरीच्या चाचणीत बाईंनीच प्रश्न घातला होता : प्रवासाला काय काय लागते? पैसे, पाणी, तिकीट अशी उत्तरं अपेक्षित. निम्म्या वर्गाने लिहिलं : 'गाडी लागते.' काहींनी जोडलं : 'बोट लागते.' एका मुलीने सगळं नीट लिहिलं : 'गाडी लागते, बोट लागते. आमच्या बाईंना झोपाळापण लागतो.' बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. मी मुख्याध्यापिका म्हणून हरकत घेतली. बाई म्हणाल्या, "यात खोटं काय आहे ते दाखवा."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग पल्लवीचं लग्न झालं आणि ती माझगावला गेली. मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं तर हवा स्वच्छ असताना समोर मुंबई दिसते. गाड्याही वाहून नेणाऱ्या रो-रो बोटीने तासाभराचा रस्ता. बाई तीन वर्षांत लेकीच्या घरी एकदाही गेल्या नव्हत्या. सायकल पाण्यावर चालत नाही.

पल्लवीला दिवस गेले, आणि पहिले काही महिने माय-लेकींचं उत्तम जमलं. पोरीला उलट्या होत होत्या आणि त्या विषयात आईइतका अनुभव जिल्ह्यात कुणाला नसेल. मधल्या सुट्टीत फोन यायचा. "पिवळं पडतंय? मग आलं चघळ. खाली बघू नकोस, लांब बघ. खिडकीत बस." पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं होतं. पडवीतला झोपाळा कायमचा काढून तिथे पाळण्याची जागा केली होती. पण सातवा लागला आणि डॉक्टरांनी पल्लवीला पलंगावरून उठायची बंदी केली. प्रवास तर नाहीच. आता तिला यायचं नव्हतं, आईला जायचं होतं.

तो फोन आला तेव्हा आम्ही दोघी डबा खात होतो. बाईंचे हात आमटीचे, म्हणून फोन स्पीकरवर.

"आई, तू ये इकडे. मला भीती वाटते."

"अगं, यायचं माझ्या मनात नाही का? पण गाडी लागते. पुढे बोट लागते. तिथे येऊन मीच आडवी झाले तर तुझं कोण करणार?"

 मग पल्लवी म्हणाली, "तुला गाडी लागते, बोट लागते, झोपाळा लागतो. मी तुझी कोण लागते, ते सांग." आणि फोन बंद.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. मी अशा वेळी पाठीवरून हात फिरवणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, "अलिबागला कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. उद्या दाखवू."

"उलटीला कानाचा डॉक्टर?"

"पोटाचे सगळे संपले ना?"

बाई सायकलने आल्या, मी रिक्षाने. डॉक्टर वयाने बाईंच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याएवढे, म्हणून नीट समजावून सांगत होते. कानाच्या आत पाणी भरलेल्या बारीक नळ्या असतात, ते पाणी हललं की मेंदूला कळतं आपण हलतोय. डोळे मात्र गाडीतली समोरची सीट बघत असतात, ती जागची हलत नाही. कान म्हणतात चाललोय, डोळे म्हणतात बसलोय. मेंदूला कळेना खरं कोण बोलतंय. त्याला वाटतं, पोटात काहीतरी विषारी गेलं, म्हणून असं भलतंसलतं जाणवतंय. तो पोट रिकामं करायला सांगतो. काहींचा मेंदू ही तफावत चालवून घेतो, काहींचा घेत नाही.

"म्हणजे या मोरेबाईंचा मेंदू चालवून घेतो," बाई म्हणाल्या.

"असं म्हणता येईल."

"तरीच."

मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "ड्रायव्हरला का नाही लागत? आमच्या घरात सगळे ड्रायव्हर. एकाला कधी लागली नाही."

"ड्रायव्हरला वळण आधीच माहीत असतं ना. अंग तयार असतं."

बाई ताडकन उठल्या. "बघा! मी काय म्हणत होते? वळायचं असेल तर आधी सांगावं माणसानं!" त्यांनी डॉक्टरांना शाबासकी दिली. फी मी दिली, कारण त्या सायकलपर्यंत पोचलेल्या होत्या.

त्या रविवारी बाईंनी नामाशेठकडून गाडी शिकायला घेतली. खाडीकाठचा सरळ रस्ता, छोटा टेंपो. मी मागे हौद्यात उभी, पिशवी घेऊन. बाई पहिल्या गिअरच्या वर गेल्या नाहीत आणि प्रत्येक वळणाआधी काच खाली करून "डावीकडे वळतेय!" असं ओरडत होत्या. अडचण एवढीच की ओरडण्यात सगळं लक्ष, त्यामुळे वळायचं राहून जायचं. तशा एका राहिलेल्या वळणावर टेंपो बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमध्ये शिरला. दोन्ही आरशांना बोंबलांची तोरणं लागली. एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तरीनबाय, बोंबील सुकवायला टाकलेले. फिरवायला न्हाय!"

नामाशेठनी भरपाई दिली आणि किल्ली खिशात टाकली. "हिला शिकवला तं सगळा रेवदंडा ओला बोंबील खाईल." पण बाईंचा चेहरा मी पाहिला. तो पपईसारखा नव्हता. चांगला लाल होता.

"मोरेबाई," त्या म्हणाल्या, "काही झालं नाही."

"एवढे बोंबील मोडले!"

"पोटात. पोटात काही झालं नाही."

जुनी 'रंजना' तोपर्यंत भंगारात गेली होती. तिचं स्टिअरिंग तेवढं नामाशेठनी आठवण म्हणून पडवीत खिळ्याला टांगून ठेवलं होतं. ट्रकचं, परातीएवढं. बाईंनी ते काढलं, चिंचेने घासलं, हाताला बसेल असं कापड गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या बबनच्या रिक्षात ते मांडीवर घेऊन बसल्या.

बबनने आरशात पाहिलं. "बाई, ह्ये काय?"

"तू चालव. मी पण चालवते."

"मंग मी कशाला हाय?"

"माझ्याकडे लायसन नाही म्हणून."

निघालो. बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, बबनच्या खांद्यावरून रस्त्यावर डोळे लावून बसल्या होत्या. वळण दिसलं की बबनच्या आधी वळवायच्या. समोरून म्हैस आली तर कचकन डावीकडे घ्यायच्या. चौल मागे पडलं. नागाव आलं. मी पिशवीची घडी उलगडली होती ती पुन्हा घातली. मग एका ठिकाणी रस्ता खणलेला होता, बाईंनी डावीकडे वळवलं आणि बबनने न बोलता उजवीकडे घेतलं. बाई पिवळ्या झाल्या.

"सांगायचं होतंस!" एवढं म्हणून त्यांनी पिशवी घेतली.

पण त्या एका वेळेपुरतंच. पुढे बबनच घाबरला. "डावीकडं घेतोय बाई. खड्डा हाय बाई. आता सरळ हाय, इसावा घ्या." अलिबागला उतरल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्याडम, त्या वळवतात तवाच मी वळवतो आता. बरा पडतो. हात कमी दुखतात."

पंधरवडाभर हा सराव चालला. बसमध्ये लोक जागा द्यायचे, पण शेजारी बसायचे नाहीत. बाईंना त्याचं काही नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी भोंगा आणून दिला, तो त्यांनी परत केला. "चेष्टा करायची नाही. हे काम आहे."

आणि एका सकाळी मी त्यांना मांडव्याला सोडायला गेले. पलीकडपर्यंत नाही, मला शाळा होती, आणि बरोबर नामाशेठ होते. त्यांच्या दोन्ही हातांत डिंकाचे लाडू, सुकट आणि बाळाची दुपटी. ते बाईंपासून चार पावलं लांब चालत होते, ओळख नसल्यासारखे. धक्क्याच्या दारातल्या रखवालदाराने बाईंना थांबवलं.

"गाडीचं तिकीट?"

"गाडी नाही."

"मग हे स्टिअरिंग?"

"एवढंच आहे."

"आणि बाकीची गाडी का नाही आणली?"

"गाडी लागते," बाई म्हणाल्या.

"अहो, लागते तर आणायची ना! बोटीवर चढते गाडी!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन माझं वाक्य सांगितलं. सविस्तर सांगितलं, कान, डोळे, मेंदू, सगळं. मागे रांग वाढली. रखवालदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्या बायकोलापण लागते हो. हे कुठं मिळतं?"

बाई वरच्या मजल्यावर अगदी पुढे, कठड्याला लागून बसल्या. नामाशेठ मधल्या दोन खुर्च्या सोडून पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता. बाईंनी तिथल्या खलाशाला बोलावून काहीतरी बजावलेलं मला धक्क्यावरून दिसलं. काय ते ऐकू आलं नाही, पण ते मला माहीत होतं. बोटीने भोंगा दिला. भोंगा ती नेहमीच देते. बाईंनी मात्र हात वर करून आभार मानले, पुढची लाट पाहिली आणि स्टिअरिंग हळूच डावीकडे फिरवलं. बोट डावीकडे वळली. मग त्यांनी सरळ केलं, बोट सरळ झाली. मी शिकलेली बाई आहे, पण लांबून पाहताना कोण कुणाला वळवतंय ते मलाही नक्की सांगता आलं नसतं. लाटेला बोट उचलली गेली की बाई आधीच वर झालेल्या असायच्या. पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला, तेराचा पाढा म्हणायला उभं केल्यासारखी सगळी मुंबई समोर. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. पुढे बाळंतपण, मग बाळ, मग त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि तिकडेच राहिल्या.

त्या सकाळी धक्क्यावरून शाळेत आले तर वर्ग चालू होते. बाईंचा वर्ग मीच घेत होते. दुसऱ्या तासाला फोनवर त्यांचा निरोप आला. दोनच शब्द : 'बोट लागली.'

मी खडू ठेवला. पिशवी माझ्या पर्समध्ये होती. ती त्यांना द्यायचीच राहून गेली होती. मी लिहिलं : 'कुणाला?'

मुलं माझ्याकडे बघत होती. उत्तर आलं : 'धक्क्याला.'

मी गणित पुढे चालू केलं. तास संपता संपता आणखी एक निरोप आला. 'पल्लवीच्या सासूबाईंनी दार उघडलं. स्टिअरिंग बघून म्हणाल्या, विहीणबाई, गाडी कुठे लावली? मी म्हटलं, लागली नाही.'